पाठ लागली की पकड सोडायची

नाखले सर, भांडण अर्ध्यावर टाकून उठून जायची तुमची खोड मला नवी नाही. स्टाफरूममध्ये माझा मुद्दा चांगला रंगात आलेला असायचा आणि तुम्ही ट्रॅकपँटवरची लाल माती झटकत उठायचात. "मॅडम, पोट्ट्या आल्या असतीन. बाकी उद्या." उरलेला मुद्दा मी चहाबरोबर गिळायचे. दुसऱ्या दिवशी तुम्ही तो विसरलेले असायचात, मी नसायचे. या वेळी मात्र तुम्ही फारच केलंत. आपलं सगळ्यात मोठं भांडण जानेवारीपासून तसंच पडून आहे, आणि परवा तुमची तेरवी झाली.

कॉलेजात शोकसभाही झाली. सगळ्यांनी तुम्हाला शिस्तप्रिय म्हटलं. ज्यांनी तुम्हाला अठ्ठावीस वर्षांत एकदाही स्टाफ मीटिंगला वेळेवर आलेलं पाहिलं नाही, त्यांनीसुद्धा म्हटलं. मला दोन शब्द बोलायला सांगितलं तेव्हा मी उभी राहिले, "सर" म्हणाले आणि बसले. लोकांना वाटलं, मॅडमचा कंठ दाटला. तसं काही नव्हतं. मला तुमच्याबद्दल बोलायचं नव्हतं, तुमच्याशी बोलायचं होतं, आणि ते माईकवर जमणारं नव्हतं. म्हणून हे लिहिते आहे.

आपली गाठ पडली ती एका नियमामुळे. मुलींचा संघ बाहेरगावी जाणार असेल तर सोबत प्राध्यापिका हवी. प्राचार्य स्टाफरूमच्या दारात येऊन उभे राहिले आणि एकदम सगळ्यांना आपापली घरं आठवली. कोणाच्या मुलाची दहावी, कोणाच्या सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन. माझ्या घरी दहावीही नव्हती आणि सासूबाईही नव्हत्या. एवढ्या एका पात्रतेवर मी, रसायनशास्त्राची उमाटे मॅडम, देवळीच्या आपल्या कॉलेजच्या मुलींच्या कुस्ती संघाची मॅनेजर झाले. तोवर तुमचा आखाडा मी फक्त लॅबच्या मागच्या खिडकीतून पाहिला होता, तोही धूळ आत येते म्हणून खिडकी लावून घेताना.

पहिल्या दिवशी मी आखाड्यात आले तेव्हा तुम्ही कुस्तीच्या हौदाच्या कडेला उकिडवे बसून ओल्या मातीतले पायांचे ठसे निरखत होतात. माझ्याकडे न बघताच म्हणालात, "पायल पन्नासच्या वर गेली. सातशे गिराम." मला हसू आलं. टाचेचा ठसा पाहून वजन? पायल, आपली कॅप्टन, पन्नास किलोत खेळायची. दुसऱ्या दिवशी मी घरचा वजनकाटा घेऊन आले. काटा म्हणाला, बरोब्बर पन्नास.

"सर, काटा पन्नास दाखवतो."

"काटा खोटं बोलून राह्यला," तुम्ही म्हणालात आणि ठशाकडे बोट केलंत.

मी इरेला पेटले. लॅबमधली प्रमाणित वजनं आणून काटा तपासला. माझा काटा सातशे ग्रॅम कमी दाखवत होता. एकोणीस वर्षं मी पोरांना अचूक मोजमाप शिकवत होते आणि घरी रोज सकाळी स्वतःला सातशे ग्रॅमनी फसवत होते. हे तुम्ही सगळ्या आखाड्याला सांगितलंत. पोरी महिनाभर मला पाहिलं की तोंडावर ओढणी घ्यायच्या. मला राग यायला हवा होता, पण मी रोज संध्याकाळी यायला लागले.

तेव्हाच मला तुमचा तो एक नियम कळला. बाकीचे डाव तुम्ही प्रत्येकीला वेगळे शिकवायचात, हा मात्र सगळ्यांना पहिल्याच दिवशी. समोरच्याची पाठ मातीला लागली की पकड सोडायची, उठायचं आणि हात देऊन तिला उभं करायचं. लगेच. शिट्टीची वाट बघायची नाही, कोणी बघतंय का ते बघायचं नाही. पोरींच्या हाताला ते इतकं बसलं होतं की सरावात धप्प आवाज झाला की पुढच्या क्षणाला दोघी उभ्या असायच्या. मला ते फार देखणं वाटायचं. ते आपल्याला केवढ्याला पडणार आहे याची मला तेव्हा कल्पना नव्हती.

राष्ट्रीय स्पर्धेसाठी आपण सेवाग्रामहून गाडीत बसलो तेव्हा पायल माझ्याजवळ सरकून हळूच म्हणाली, "मॅडम, सर जूनमंधे रिटायर होऊन राह्यले. चार वेळा टीम घेऊन गेलते, चारी वेळा पयल्याच फेरीत वापस. याच वर्षी काय होईन थे होईन." तुम्ही समोरच्या बाकावर जवसाच्या चटणीचा डबा मांडीवर घेऊन डुलक्या काढत होतात. तुमच्या तोंडून मी कधी स्पर्धेच्या कपाचा 'क' ऐकला नव्हता. पण त्या दिवशी कळलं की पोरी स्वतःसाठी जेवढ्या निघाल्या होत्या तेवढ्याच तुमच्यासाठी निघाल्या होत्या. मग मीही निघाले.

हरियाणातल्या त्या थंडीत आपण वर्धेची माणसं शोभून दिसत होतो. पोरींनी एकावर एक तीन स्वेटर घातले होते आणि तुम्ही कानाला मफलर गुंडाळून त्यावर टोपी. समोरच्या संघांचे कोच ब्लेझर घालून, लॅपटॉप घेऊन. मी माझ्या वहीत नियम लिहून काढले होते. पाच वजनगट, पाच कुस्त्या, ज्यांच्या तीन झाल्या तो संघ पुढे. संघाच्या कोपऱ्यात एक खुर्ची, तीत एकच माणूस. तुम्ही वही बघितलीत आणि म्हणालात, "मॅडम, परीक्षा माही हाय का तुमची?"

पहिल्या फेरीत आपण चार-एकनं जिंकलो. शेवटच्या कुस्तीनंतर तुम्ही उठलात, हॉलच्या बाहेर गेलात आणि नळावर बराच वेळ तोंड धूत बसलात. एवढ्या थंडीत. मी पाहिलं होतं.

उपउपांत्य फेरीत मात्र तो नियम अंगाशी आला. आपली धनश्री, आंजी गावची, संघात वयानं सगळ्यात लहान आणि सगळ्यात बडबडी. तिनं समोरचीला सुरेख टाकलं, पाठ लागली, आणि हिनं सवयीनं सोडून हात पुढे केला. पण गादीवर पंच हात आपटेपर्यंत कुस्ती संपत नाही. पंचानं हात आपटला नव्हता. पडलेली मुलगी झटक्यात उलटली, धनश्रीचा पाय धरला आणि कुस्ती घेऊन गेली. आपण तीन-दोननं वाचलो ते पायलमुळे.

बाहेर चहाच्या टपरीवर मी तुम्हाला धरलं.

"सर, मातीत ते ठीक आहे. इथे पोरीला सांगा, पंच हात आपटेपर्यंत धरून ठेव. दोन सेकंदांचा प्रश्न आहे."

"पाठ लागली हे पोट्टीच्या हाताले समजते, मॅडम. पंचाले उशिरा समजत असन तं थे पंचाचं."

"अहो, पण हरली ना ती!"

"हरली. अन् रडली बी. मंग काय झालं?"

"या दोन सेकंदांपायी कप जाईल तुमचा!"

तुम्ही कप खाली ठेवलात. चहाचा. "जाऊ द्या. जिची पाठ लागली, तिच्या छातीवर बसून राह्याचं, हे मी कोनाच्याच पोरीले शिकवत नाई." मग नेहमीसारखे उठलात. "बाकी उद्या."

हेच ते भांडण, सर. ते उद्याला राहिलं.

उद्या तुम्ही काय केलंत? उपांत्य सामन्यात समोरच्या संघाची एक मुलगी गुडघा धरून कोसळली. तिचे कोच कुठेतरी पाणी आणायला गेलेले, डॉक्टर हॉलच्या दुसऱ्या टोकाला. ती किंचाळली आणि तुम्ही खुर्चीतून उठून बुटांसकट गादीवर गेलात, मफलर सोडलात, तिच्या गुडघ्याखाली घडी करून घातलात आणि डॉक्टर येईपर्यंत तिचा पाय धरून बसलात. आपल्याकडे कुस्त्यांच्या दंगलीत पैलवान पडला की पंच, कोच, भजीवाला, जो जवळ असेल तो धावतो. तिथे तो नियमभंग होता. अधिकारी आले आणि त्यांनी तुम्हाला कार्ड दाखवलं. उरलेल्या स्पर्धेत कोपऱ्यातल्या खुर्चीवर तुम्हाला बसता येणार नाही. मी नियमांची वही उघडून भांडायला निघाले होते. तुम्ही त्या अधिकाऱ्यापुढे हात जोडलेत. "आप का बराबर है, साब. कायदा है." आणि बूट हातात घेऊन प्रेक्षकांत जाऊन बसलात.

तो सामना आपण खुर्ची रिकामी ठेवून जिंकलो. अंतिम फेरी. आपलं कॉलेज अंतिम फेरीत! पोरी माझ्या गळ्यात पडून नाचत होत्या आणि मी वहीत खुर्चीचा नियम शोधत होते. तिथे बसायचं ओळखपत्र दोघांकडेच होतं, तुमच्याकडे आणि माझ्याकडे. म्हणजे फायनलला कोपऱ्यात मी.

संध्याकाळी राजमाचावल पुढ्यात घेऊन तुम्ही मला अर्ध्या तासात कुस्ती शिकवलीत. खरं तर दोनच गोष्टी शिकवल्यात. "एक, पोरगी गादीवरून तुमच्याकडं पाह्यन तवा हसजा. मंग पोटात काहीबी होऊन राह्यलं असन." आणि दुसरी, तो स्पंजचा ठोकळा. पंचाचा निर्णय पटला नाही तर कोपऱ्यातल्या माणसानं तो गादीवर फेकायचा. मग व्हिडिओ बघतात. आपलं म्हणणं खरं ठरलं तर निर्णय बदलतो, खोटं ठरलं तर समोरच्याला एक गुण. "थो ठोकळा मांडीखाली ठेवजा अन् त्याच्यावर बसून राह्यजा," तुम्ही म्हणालात. "पंचाले उलटा सवाल करत नसते. मले जमलं नाई आजवर, तुमाले तं नाईच जमत."

मी खरोखर त्यावर बसले, सर. फायनलला. चांगला मऊ होता.

समोर यजमान राज्याचंच कॉलेज. सगळा हॉल त्यांचा. आपल्या बाजूनं बाकावर एक राखीव पोरगी, तिच्याजवळ आपल्या सॅकचा ढीग, आणि वर मधल्या रांगेत टोपी-मफलर, ज्यातला मफलर आता नव्हता. पहिली कुस्ती गेली. दुसरी पायलनं काढली, इतक्या सहज की मला वाटलं हे सोपं आहे. तिसरी गेली. चौथी, मी ज्या मुलीवर काडीचा भरवसा ठेवला नव्हता तिनं, तोंडातून रक्त येत असताना शेवटच्या क्षणी काढली. दोन-दोन. उरली धनश्री.

गादीवर जाताना तिनं माझ्याकडे पाहिलं. मी हसले. इतकी हसले की तिनं मागे वळून पाहिलं, कोण आलंय म्हणून.

समोरची मुलगी तिच्यापेक्षा वितभर उंच. पहिल्या भागात तिनं दोनदा पट काढला, म्हणजे पाय ओढून खाली घेतलं, आणि चार गुण झाले. धनश्रीनं मागे जाऊन दोन मिळवले, मग ढकलून बाहेर काढलं त्याचा एक. तीन-चार. घड्याळात वीस-बावीस सेकंद. मला रसायनशास्त्रातलं काहीही आठवत नव्हतं, स्वतःचं नाव विचारलं असतं तरी आठवलं नसतं.

आणि तिनं हात धरला, वळली, आणि धोबीपछाड. सर, काय होती ती! ती उंच मुलगी धनश्रीच्या पाठीवरून गेली आणि गादीवर पाठीवर आपटली. दोन्ही खांदे. माझ्यापासून सहा फुटांवर. मी पाहिले.

त्याच क्षणी सगळ्या हॉलच्या वरून एक आवाज आला. "सोडू नको! धनश्री, सोडू नको!"

मराठी. त्या हॉलमध्ये मराठीत ओरडणारा पुरुष एकच होता.

धनश्रीनं सोडलं. सोडलं, उठली, आणि हात पुढे केला.

पंच पलीकडच्या बाजूला होते. मध्ये त्या मुलीचं अंग. त्यांना वाटलं पाय घसरला. गुण नाही, काही नाही, खेळ चालू. त्या मुलीनं धनश्रीचा पुढे केलेला हातच धरून तिला खाली ओढलं, दोघी गुंतल्या, गादीबाहेर गेल्या, पंचांनी शिट्टी दिली. फलक तसाच. तीन-चार. घड्याळात अकरा सेकंद.

ठोकळा फेकायला पाच सेकंद असतात, हे माझ्या वहीत होतं. चुकला तर तीन-पाच, आणि अकरा सेकंदांत मग काही होत नाही. नाही फेकला तर एका गुणाचंच अंतर, पोरगी काहीतरी करेलही. मी वर पाहिलं. तुम्ही दोन्ही हात हलवून नको-नको करत होतात. टोपी पडली होती.

पण मी पाहिलं होतं, सर. दोन खांदे, सहा फूट. डोळ्यांनी मोजलेलं माप नाकारायला मी कधी कोणाला शिकवलं नाही. मी उठले, बुडाखालून ठोकळा काढला आणि फेकला. जन्मात मी कधी काही फेकलं नव्हतं. तो पंचाच्या पोटाला लागला.

मोठ्या पडद्यावर तो व्हिडिओ तीनदा दाखवला. तिसऱ्यांदा थांबवून. दोन्ही खांदे गादीवर, अगदी सपाट. पंचांनी सांगितलं, धरून ठेवलं नाही म्हणून चितपट देता येत नाही, पण टाकल्याचे चार गुण. सात-चार. म्हणजे धरून ठेवलं असतं तर कुस्ती तिथेच संपली असती. माझंही खरं होतं, हे नोंदवून ठेवते.

उरलेले अकरा सेकंद धनश्री तिच्या भोवती नुसती फिरली. भोंगा वाजला. मी किंचाळले ते पुढचे चार दिवस मला आवाज नव्हता. प्रॅक्टिकल मी फळ्यावर लिहून घेतलं आणि पोरांनी सांगितलं की इतकं समजलं कधी नव्हतं. पायल गादीवर लोळत होती. धनश्रीनं काय केलं ते सगळ्या हॉलनं पाहिलं. ती मुलगी गुडघ्यावर बसून रडत होती. आपली तिच्यापुढे जाऊन उभी राहिली आणि तोच हात पुन्हा पुढे केला. या वेळी तिनं तो उठायला धरला. मग तो परका हॉल, सर, तोच हॉल, आपल्यासाठी उभा राहिला. तुम्ही त्या वेळी पायऱ्यांवर टोपी शोधत होतात.

तुम्हाला गादीजवळ येऊ देत नव्हते. पाचही पोरी आडव्या दोरीकडे धावल्या आणि तुम्हाला उचलून आत घेतलं, कायदा गेला खड्ड्यात. कप तुमच्या हातात दिला तर तुम्ही तो माझ्या हातात दिलात. "तुमी फेकलाच."

"हो. फेकला."

"आयकत नाई तुमी कोनाचं." आणि मग तुम्ही रडलात, सर, नळबिळ काही न शोधता, सगळ्यांसमोर. अठ्ठावीस वर्षांचं रडलात. मी ते पाहायला तिथे होते, यासाठी मी त्या नियमाची, प्राचार्यांची आणि सगळ्यांच्या सासूबाईंच्या गुडघ्यांची आभारी आहे.

परतीच्या गाडीत कपाला स्वतंत्र बर्थ होता. टीसीनं विचारलं, हे कोण, तर पोरी म्हणाल्या आमची मोठी बहीण. भेंड्या चालल्या होत्या. तुम्ही मात्र दुपारपासून खिडकीशी गप्प. मला वाटलं दमलात. इटारसी गेल्यावर तुम्ही माझ्या शेजारी येऊन बसलात आणि हळू आवाजात विचारलंत, "मॅडम, तवा माह्या तोंडातून काय निंघालं, थे आयकलं का तुमी?"

मी खोटं बोलले. "गोंधळात काही ऐकू आलं नाही, सर."

तुम्ही मान हलवलीत. मग ते सांगितलंत. अठरा वर्षांचे असताना आष्टीकडच्या एका दंगलीत तुम्ही एका पोराची पाठ लावली होती. त्याचा हात अंगाखाली अडकला होता, तो ओरडत होता, आणि चहूकडून लोक म्हणत होते, सोडू नको. तुम्ही सोडलं नाही. त्या पोराचा हात पुन्हा कधी सरळ झाला नाही. "तवापासून ठरवलं होतं, मॅडम. अन् इतक्या वर्सानं कपाची येळ आली तं म्याच..." पुढचं तुम्ही खिडकीकडे तोंड करून गिळलंत. मग म्हणालात, "धनश्रीनं आयकलं असन का जी?"

"नसेल, सर. तिला काय ऐकू येणार त्या आरड्यात."

"नसनच आयकलं," तुम्ही म्हणालात. "आयकलं असतं तं सोडलं नसतं तिनं. माह्या शब्दाबाहेर जात नाई थे." तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी ते बोलले होते. तुमच्या चेहऱ्यावर बरं वाटल्यासारखं काही दिसलं नाही.

देवळीत काय झालं ते तुम्हाला माहीत आहे, तरी लिहिते, कारण मला लिहायला आवडतं. बस स्टँडपासून कॉलेजपर्यंत डफडी. जेसीबीच्या सोंडेतून झेंडूच्या पाकळ्या टाकायची कल्पना कोणाची होती देव जाणे, निम्म्या पाकळ्या त्या चालकाच्याच डोक्यावर पडल्या. आंजीहून धनश्रीचा अख्खा मोहल्ला ट्रॅक्टरवर आला होता. ज्या मावशींनी पोरींना चड्डी घालून कुस्ती खेळवता म्हणून तुमच्याशी दोन वर्षं अबोला धरला होता, त्यांनी पायलची दृष्ट काढली. तुम्ही मिरवणुकीच्या मागे, दुकानदारांचे नमस्कार घेत, गुलालानं माखलेल्या टोपीत चालत होतात. मी मध्येच मागे वळून पाहिलं. इतकं ताठ चालताना मी तुम्हाला कधी पाहिलं नव्हतं. हसतही होतात. पण धनश्रीच्या ट्रॅक्टरजवळ तुम्ही गेला नाहीत.

नंतरचे महिने मी तुम्हाला बघत होते. जूनपर्यंत रोज आखाड्यात आलात, निवृत्त झाल्यावरही आलात. सगळ्यांना शिकवलंत, धनश्रीला जरा जास्तच. पण तिला ते एकदाही विचारलं नाहीत. मी दोनदा खरं सांगायला आले आणि दोन्ही वेळा पायांच्या ठशांवर गप्पा मारून परत गेले. वाटलं, आहे की वेळ. मग त्या सकाळी तुमच्या घरून काकूंचा फोन आला.

आता तेरवीचं ऐका. पाचही पोरी वाढायला होत्या. काकूंनी त्यांना बसा म्हटलं तरी बसेनात. मी हात धुवायला मागे गेले तर धनश्री नळावर पातेलं विसळत होती. रडून डोळे सुजलेले. कशावरून निघालं आठवत नाही, मी तिला म्हणाले, "फायनलला तू सोडलंस तेव्हा माझा जीव गेला होता बघ."

"सरचा बी गेलता," ती म्हणाली. "केवढ्यानं ओरडले."

माझ्या हातावरचं पाणी तसंच वाहत राहिलं. "तुला ऐकू आलं होतं?"

"हो जी. सगळ्या हॉलमंधून थोच एक आवाज आलता मले. सोडू नको म्हनून राह्यले होते."

"मग?"

तिनं पातेलं उपडं केलं. "मंग काय, मॅडम? सर घाबरले होते. घाबरलेल्या मानसाचं कोन आयकते? त्याइनं रोज शांतपनानं जे सांगतलं, थे केलं म्या."

आणि ती पातेलं उचलून वाढायला निघून गेली, पंगत खोळंबली होती म्हणून.

गाडीत मी तुमच्याशी खोटं बोलले, सर, आणि ते दुरुस्त करायला मला उशीर झाला. तुम्ही ओरडलात ते मी ऐकलं होतं. तिनंही ऐकलं होतं, अगदी स्पष्ट, आणि तरी सोडलं. टपरीवरचं भांडण तुम्ही जिंकलात. आणि तुमची पोरगी तुमच्या शब्दाबाहेर जरासुद्धा गेलेली नाही.